बर्फाळ हिवाळ्यात घरी जॅझच्या रेकॉर्ड: आधी हवा, मग सुई

जानेवारी लागला की टोरोंटो, शिकागो, मिनियापोलिसकडच्या घरांत एक तक्रार ठरलेली असते. ऑक्टोबरात लख्ख वाजणारी रेकॉर्ड आता तेलात मोहरी पडल्यासारखी तडतडते. मग सुई बदलली जाते, मग कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा, सुई बसवलेला भाग), मग कुणीतरी नवा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, सुचवतं. बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं, बिघडलेली असते ती खोलीतली हवा. म्हणून इथे हवेपासून सुरुवात केली आहे, यंत्राकडे नंतर वळू. खर्चही त्याच क्रमाने करावा.

उदाहरणं उत्तर अमेरिकेतली आहेत, म्हणजे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि चार-पाच महिने अखंड चालणारं हीटिंग. युरोपात राहणाऱ्यांनी विजेचे आकडे बदलून घ्यावेत, बाकी सगळं तेच.

तडतड कसली, ते आधी ओळखा

३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड एक फेरी बरोबर १.८ सेकंदांत पुरी करते. हा आकडा लक्षात ठेवला तर अर्धं निदान घड्याळावरच होतं. 'टिक' दर १.८ सेकंदांनी येत असेल तर तो ओरखडा आहे, कारण खाचा ओलांडून गेलेला ओरखडा प्रत्येक फेरीत सुईखाली येतो. त्यावर घरगुती इलाज नाही.

तडतडीला लय नसेल, मध्येच तीन-चार टिचक्या येऊन पुन्हा शांतता पसरत असेल, तर तोच अर्धा मिनिट परत वाजवा. टिचक्या त्याच जागी आल्या तर खाचेत धूळ किंवा घाण बसली आहे, रेकॉर्ड धुवावी लागेल. जागा बदलल्या तर ती स्टॅटिक वीज आहे. आणखी एक खूण म्हणजे, रेकॉर्ड उचलताना खालची फेल्टची मॅट तिला चिकटून वर आली की वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

तिसरा प्रकार तडतडीचा नसून फाटण्याचा. सिंबलचा आवाज वाळू ओतल्यासारखा येतो, ट्रम्पेटच्या वरच्या सुरांना काटे फुटतात. सुईच्या टोकाला धुळीचा गोळा अडकलेला असतो, किंवा सुई झिजलेली असते. रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या चार-पाच मिनिटांतच फाटत असेल तर कार्ट्रिजचा कोन चुकला आहे.

नव्याने जॅझ ऐकणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीचं २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये झालेलं ध्वनिमुद्रण ऐकताना ग्लासांची किणकिण आणि टेबलांवरची कुजबुज ऐकू येते. ती रेकॉर्डवरच आहे. ती धुवून जाणार नाही, आणि जाऊही नये.

हवेचा हिशेब

थंड हवेत पाणी मावत नाही. शून्य अंश सेल्सिअसला पूर्ण ओलसर असलेल्या एक घनमीटर हवेत पाण्याची वाफ असते जेमतेम ४.८ ग्रॅम. उणे १० ला सुमारे २.३, आणि उणे २० ला एक ग्रॅमच्या आसपास. हीच हवा फटींतून घरात येते आणि हीटर तिला २१ अंशांपर्यंत तापवतो. २१ अंशांच्या हवेत मात्र १८ ग्रॅमहून जास्त वाफ मावू शकते. म्हणजे बाहेर उणे १० असताना आत आलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता १३ टक्क्यांच्या आसपास उरते, आणि उणे २० असताना ५-६ टक्के. आपण श्वास सोडतो, अंघोळ करतो, भात शिजवतो, म्हणून प्रत्यक्षात घरात १५ ते २५ टक्के दिसते. राजस्थानातल्या उन्हाळी दुपारपेक्षा ही फार वेगळी गोष्ट नाही.

यातून एक कामाची गोष्ट निघते. बर्फ पडत असतं तेव्हा तापमान सहसा फार खाली गेलेलं नसतं, शून्याच्या थोडं खालीच असतं, आणि हवा त्या मानाने बरी असते. खरी कोरडी हवा येते ती बर्फ थांबून आकाश निवळल्यावर. निळंशार आकाश, कडक ऊन, उणे २०. ती संध्याकाळ रेकॉर्डसाठी सर्वांत वाईट. एकट्या पियानोची रेकॉर्ड बर्फ भुरभुरत असताना लावावी आणि निरभ्र रात्री बिग बँड किंवा दणकट हार्ड बॉप अशा गजबजत्या जॅझची. तिथे ड्रम आणि ब्रासच्या खाली टिचक्या बुडून जातात.

आता करायचं काय?

एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि तो रेकॉर्डच्या फडताळातच ठेवा, खिडकीत नको. स्वस्त मापक पाच-सात टक्के चुकतात, म्हणून आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून १० ते १२ तास ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्के होते. मापक ६९ दाखवत असेल तर तो ६ ने कमी सांगतो, तसं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

लक्ष्य ४० टक्के. पण बाहेर उणे २० असताना ४० चा हट्ट धरला तर खिडकीच्या काचांवर पाणी सुटतं, ते चौकटीत मुरतं आणि बुरशी धरते. अशा दिवसांत ३० वर समाधान मानावं. ३० च्या खाली स्टॅटिक झपाट्याने वाढते.

ह्युमिडिफायर किती मोठा हवा, याचा अंदाज काढता येतो. ४ बाय ५ मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली म्हणजे ५० घनमीटर. १५ टक्क्यांवरून ४० वर न्यायला हवेत फक्त पाव लिटर पाणी लागतं. पण हवा गळत राहते. दर दोन तासांनी खोलीतली सगळी हवा बदलते असं धरलं तर ४० टक्के टिकवायला दिवसाला साधारण ३ लिटर पाणी द्यावं लागेल. लाकूड, गालिचे, पुस्तकं आणि रेकॉर्डची कव्हरंही पहिले काही दिवस पाणी पितात. त्यामुळे पहिल्या दिवशी काटा हलला नाही म्हणून यंत्र परत करू नका.

प्रकार मात्र नीट निवडा. गार धुकं सोडणारं अल्ट्रासॉनिक यंत्र स्वस्त आणि शांत असतं, पण नळाच्या पाण्यातले क्षारही ते हवेत फेकतं. दोन आठवड्यांत टर्नटेबलच्या झाकणावर पांढरी पूड दिसते, आणि झाकणावर जी दिसते तीच खाचांत बसते. ते वापरायचं तर डिस्टिल्ड पाणीच वापरा. रोजच्या ३ लिटरच्या हिशेबाने ते महागात पडतं. त्यापेक्षा ओल्या वातीतून पंख्याने हवा खेचणारं यंत्र घ्यावं, क्षार वातीतच राहतात. त्याचा पंखा ऐकू येतो, म्हणून ते बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवून दार उघडं ठेवा, आणि ऐकायला बसताना सर्वांत हळू वेगावर आणा. वात दर एक-दोन महिन्यांनी बदला, नाहीतर कुबट वास येतो.

ह्युमिडिफायर घ्यायचा नसेल तर धुतलेले कपडे त्या खोलीत वाळत घाला. दिसायला चाळीतल्या गॅलरीसारखं दिसेल, पण काम होतं.

स्टॅटिकशी दोन हात

रेकॉर्डचं व्हिनाइल दुसऱ्या वस्तूवर घासलं की ऋण भार धरून बसतं. कागदी पाकिटातून रेकॉर्ड ओढून काढणं हेच एक घासणं आहे. कोरड्या हवेत तो भार निचरत नाही, धूळ खेचून घेतो आणि मधूनच ठिणगीच्या रूपात सुईवाटे बाहेर पडतो. तीच 'टिक'.

कपड्यांपासून सुरुवात करू. फ्लीसचं जॅकेट, लोकरीचा स्वेटर, पॉलिस्टरची शाल या तिन्ही गोष्टी भार तयार करतात, आणि लोकरी मोजे घालून गालिच्यावरून चालत आलेला माणूस स्वतःच भारलेला असतो. सुती कपडे फारसा भार धरत नाहीत. थंडी वाजतेच, तर पुण्याहून आणलेली जुन्या लुगड्यांची गोधडी पांघरा. ती पूर्ण सुती असते, फ्लीसच्या ब्लँकेटपेक्षा इथे शंभर पटीने बरी. आर्मला, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या टर्नटेबलच्या लांब हाताला, स्पर्श करण्याआधी बोट रेडिएटरच्या पाइपला किंवा दिव्याच्या धातूच्या दांड्याला टेकवा. चटका बसायचा तो तिथेच बसू द्या, कार्ट्रिजवाटे प्रीॲम्पमध्ये, म्हणजे सुईकडून येणारी क्षीण वीज वाढवणाऱ्या यंत्रात, जायला नको.

आतली पाकिटं बदला. साध्या कागदी पाकिटांऐवजी पातळ, गुळगुळीत पॉलिथिनचं अस्तर असलेली अँटिस्टॅटिक पाकिटं घ्या. पन्नास पाकिटांचा गठ्ठा नव्या सुईपेक्षा स्वस्त पडतो आणि फरक जास्त पाडतो. मूळ छापील पाकीट टाकू नका, ते कव्हरमध्येच मागे सरकवून ठेवा. रेकॉर्ड काढताना पाकिटाचं तोंड फुगवा आणि रेकॉर्ड अलगद बाहेर घ्या, घासत ओढू नका.

फेल्टची मॅट हिवाळ्यात काढून टाका. कॉर्क, चामडं किंवा रबर चालेल. फेल्ट रेकॉर्डसोबत वर येतं, अर्ध्यात सुटतं आणि कधीतरी नेमकं सुईवर पडतं.

कार्बन फायबरचा ब्रश सगळ्यांकडे असतो, पण बरेच जण तो चुकीचा धरतात. त्यातले धागे वीज वाहून नेतात, पण ती जाणार कुठे? ब्रशच्या धातूच्या भागावर बोटं हवीत आणि दुसरा हात अर्थिंग असलेल्या धातूला टेकलेला हवा, उदाहरणार्थ ॲम्पच्या मागचा अर्थचा स्क्रू. रेकॉर्डखालचं तबक फिरत असताना ब्रश अगदी हलका टेकवून दोन-तीन फेऱ्या धरा, मग तिरका करून सावकाश कडेकडे सरकवत बाहेर न्या. दाबलात तर धूळ खाचेत जाते. प्लास्टिकच्या मुठीचा ब्रश घेऊन मोकळ्या हाताने जोरजोरात फिरवला तर भार कमी होण्याऐवजी वाढतो.

एवढं करूनही भागलं नाही तर अँटिस्टॅटिक पिस्तूल. त्यात बॅटरी नसते, दाबाने वीज तयार करणारा स्फटिक असतो. रेकॉर्डपासून साधारण एक फूट अंतरावर धरून चाप दोन-तीन सेकंद घेत सावकाश दाबा, तेवढ्याच सावकाश सोडा. दाबताना एका प्रकारचे आयन (भारलेले कण) सुटतात, सोडताना उलट प्रकारचे. 'कट्' असा आवाज आला म्हणजे घाई झाली, ठिणगी उडाली आणि उपयोग झाला नाही. हे करताना कार्ट्रिज रेकॉर्डवर नको, आर्म आपल्या जागी असावा. रेकॉर्ड उचलण्याआधीही एकदा करा, कारण तबकापासून सुटी होतानाच तिच्यावरचा ताण सर्वांत वाढतो.

एक फसवा दोष झाकणाचा. ॲक्रिलिकचं पारदर्शक झाकण कोरड्या फडक्याने चकाकवलं की ते इतकं भारतं की खालचा आर्म वर खेचला जातो. सुईचा दाब कमी होतो, सुई उड्या मारते, आणि माणूस वजन वाढवत बसतो. झाकण ओल्या सुती फडक्यानेच पुसा, आणि शंका आली तर वाजवताना काढून ठेवा.

पोस्टाने आलेली गारठलेली रेकॉर्ड

उणे १५ मध्ये दारात तीन तास पडलेलं पार्सल आत आणून लगेच फोडण्याचा मोह होतो. फोडलंत तर दहीवडे फ्रीजमधून काढल्यावर भांड्याला घाम येतो तसा रेकॉर्डला येतो. खाचांत पाणी, कव्हरवर पाणी, आणि त्यात पाकिटाच्या कागदाचे तंतू चिकटलेले. शिवाय गारठलेलं व्हिनाइल ठिसूळ असतं, कडेला जराशी वाकली तरी टवका उडू शकतो. पार्सल बंदच ठेवून खोलीत आडवं नव्हे, उभं ठेवा. एका-दोन रेकॉर्डच्या खोक्याला सहा ते आठ तास, मोठ्या खोक्याला पूर्ण रात्र. पाणी सुटलं तरी खोक्याच्या बाहेरून सुटू द्या.

रेकॉर्ड गाडीच्या डिकीत किंवा गॅरेजमध्ये साठवू नका. तापणं-गारठणं यात आधी कव्हरचा गोंद जातो.

धुणं

हिवाळ्यात धुण्याचा दुहेरी फायदा आहे, घाण जाते आणि पाण्याने भारही उतरतो. एक लिटर मिश्रण असं करा: ८५० मिली डिस्टिल्ड पाणी, १५० मिली ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फोटो फिल्म धुताना वापरतात त्या ओलावा पसरवणाऱ्या द्रवाचे दोन-तीन थेंब. भांड्यांच्या साबणात सुगंध आणि रंग असतात, तो नको. वितळवलेलं बर्फही नको. दिसायला शुभ्र असलं तरी त्यात काजळी, धूळ आणि रस्त्यावरचं मीठ असतं.

हे मिश्रण फक्त व्हिनाइलसाठी आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. आणि अल्कोहोल पेटतं, त्यामुळे शेकोटी, स्पेस हीटर, देवापुढची समई यांच्यापासून दूर बसून धुवा.

रेकॉर्ड स्वच्छ टॉवेलवर ठेवा. लेबल झाका, बरोब्बर मापाचं प्लास्टिकचं झाकण मिळतं. एका बाजूला १० ते १५ मिली द्रव खाचांच्या दिशेने पसरवा आणि मऊ केसांच्या रुंद ब्रशने तीन फेऱ्या एका दिशेने, तीन उलट. दोन मिनिटं तशीच राहू द्या, पण वाळू देऊ नका. कोरड्या घरात ती आपल्या अंदाजापेक्षा लवकर वाळते, आणि वाळली की निघालेली घाण पुन्हा तिथेच बसते. मायक्रोफायबरने द्रव टिपून घ्या. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने हेच पुन्हा. ही दुसरी फेरी टाळणारे पुष्कळ आहेत, आणि 'धुतल्यावर आवाज जास्त झाला' असं सांगणारेही तेच. खाचांत राहिलेला द्रव वाळून त्याचा थर सुईवर जमतो. शेवटी ताटाळ्यात उभी करून १५-२० मिनिटं वाळवा. घासून कोरडी करू नका, नाहीतर उतरवलेला भार पुन्हा चढतो. मग नव्या पाकिटात.

मुंबईच्या चोर बाजारातून किंवा आजोळच्या माळ्यावरून आणलेल्या रेकॉर्डची गोष्ट वेगळी. त्यांनी बरेच पावसाळे पाहिलेले असतात. कव्हरला कुबट वास आणि रेकॉर्डवर पांढरट जाळीसारखे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. ती कोरड्या ब्रशने झटकली तर तिचे बीजाणू घरभर, आणि बंद घरात ते महिनोन्‌महिने फिरत राहतात. मास्क लावून, बाथरूममध्ये एक्झॉस्ट चालू ठेवून आतलं पाकीट फेका आणि रेकॉर्ड वाजवण्याआधी दोनदा धुवा. कधी डाग जातो पण आवाज राहतो. तशी रेकॉर्ड भिंतीवर लावायला छान.

हिवाळ्यातली आणखी एक खास घाण म्हणजे स्वयंपाकघरातली. खिडक्या बंद, स्वयंपाकघर आणि बैठक एकाच दालनात, आणि बाहेर बर्फ म्हटल्यावर भजी होणारच. तळणीच्या तेलाचा सूक्ष्म थर आणि उदबत्तीचा चिकट धूर उघड्या रेकॉर्डवर बसतो, त्याला धूळ चिकटते, आणि ही धूळ कार्बन ब्रशने निघत नाही. तळण चालू असताना रेकॉर्ड पाकिटात आणि टर्नटेबलवर झाकण, एवढा नियम पुरतो.

भारतातून आणलेला टर्नटेबल

वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेयर बॅगेतून आणला, १२० व्होल्टचे २३० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला, आणि चेट बेकरचा ट्रम्पेट शाळकरी मुलासारखा वाजू लागला. कारण असं: जुन्या यंत्रांतली एसी मोटर व्होल्टेजवर नाही, विजेच्या आवर्तनांवर वेग ठरवते. भारतात ५० हर्ट्झ, इथे ६०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. वेग २० टक्क्यांनी वाढतो, ३३⅓ च्या ४० फेऱ्या होतात, आणि सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्त चढतो. म्हणजे जिथे 'सा' लागायला हवा तिथे कोमल गंधार लागतो. उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावरची पुली ६० हर्ट्झची, म्हणजे व्यासाने कमी, बसवणं. काही जुन्या यंत्रांना दोन्ही पुली मिळतात. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ नियंत्रणाच्या यंत्राला हा त्रास नाही, त्याला फक्त योग्य अडॅप्टर हवा.

वेग तपासायची रेघांची चकतीही बघून घ्या, दिव्याखाली फिरताना तिच्या रेघा थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३३⅓ साठी कड्यात १८० रेघा लागतात, ६० हर्ट्झला २१६. भारतातली एकच कडं असलेली चकती इथे वेग चूक असल्याचं सांगेल. आणि कित्येक एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, त्यांच्याखाली रेघा थांबलेल्या दिसणारच नाहीत.

वेग बरोबर निघाला तरी एक रेकॉर्ड गोंधळात टाकेल. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू २ मार्च १९५९ ला ध्वनिमुद्रित झाली तेव्हा टेप मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे जुन्या सगळ्या आवृत्त्यांत ती बाजू थोडी चढ्या सुरात वाजते. दुरुस्त आवृत्त्या १९९० च्या दशकापासून निघाल्या. जुनी प्रत आणि तंबोऱ्याचं ॲप जुळत नसतील तर मोटरला दोष देऊ नका.

जुन्या प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज आणि चार-पाच ग्रॅमचा दाब असेल तर तो ७८ वाल्या गाण्यांपुरता जपून ठेवा. पन्नास डॉलरची नवी रेकॉर्ड त्याखाली घालू नये.

थंड खोलीत सुई

मूव्हिंग मॅग्नेट या नेहमीच्या प्रकारच्या कार्ट्रिजचा रेकॉर्डवरचा दाब बहुधा १.८ ते २.२ ग्रॅमच्या दरम्यान असतो, निर्माता सांगतो तोच ठेवा. क्रम असा: आधी बबल लेव्हलने तबक सपाट करा. अँटिस्केट, म्हणजे आर्मची आत सरकण्याची ओढ रोखणारी सोय, शून्यावर. मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगेल असा करा, मग आकड्यांची चकती शून्यावर आणून वजन सांगितलेल्या दाबापर्यंत, समजा २ पर्यंत, फिरवा. डिजिटल काट्यावर खात्री करा. अँटिस्केट दाबाइतकाच ठेवा. शेवटी कोन जुळवायच्या कागदी मापपट्टीवर खूण केलेल्या दोन्ही ठिकाणी कार्ट्रिज रेघांना समांतर आहे का बघा.

सुईची दांडी ज्या रबरी गादीत बसलेली असते ती गारठली की कडक होते. रात्री हीटिंग १६ अंशांवर उतरवून सकाळी लगेच रेकॉर्ड लावली तर सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेशी पूर्ण चिकटून राहत नाही आणि सॅक्सोफोन फाटतो. खोली २० च्या वर येऊ द्या. बेल्टवालं यंत्र असेल तर मोटर १० मिनिटं रिकामी फिरवा, गार बेल्ट आणि घट्ट झालेलं तेल दोन्ही वेग अडवतात. दर बाजूनंतर सुई कोरड्या ब्रशने मागून पुढे, म्हणजे आर्मकडून आपल्याकडे, एकदाच पुसा.

रोज चार बाजू, बाजूला २० मिनिटं, आणि १२० रात्री धरल्या तर हिवाळ्यात १६० तास होतात. निर्माते सुईचं आयुष्य टोकाच्या आकारानुसार ३०० ते १००० तास सांगतात. म्हणजे साधी सुई दोन हिवाळ्यांत संपते. एका कागदावर रेघा मारत जा.

हीटर, ऊन, जमीन

१५०० वॉटचा स्पेस हीटर १२० व्होल्टवर १२.५ अँपिअर खेचतो आणि घरातलं सर्किट बहुधा १५ चं असतं. त्याच सर्किटवर ॲम्प असेल तर थर्मोस्टॅट चालू-बंद होताना स्पीकरमध्ये 'टप्प' ऐकू येतं. हीटर दुसऱ्या सर्किटवर न्या. घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा सुरू होतानाही असाच आवाज येतो, पण अखंड गुणगुण असेल तर आधी टर्नटेबलची अर्थची वायर ॲम्पच्या मागच्या फोनोच्या (टर्नटेबल जोडायच्या जागेच्या) स्क्रूला घट्ट आहे का ते बघा.

रेकॉर्ड रेडिएटरपासून आणि गरम हवेच्या झरोक्यापासून निदान एक मीटर दूर. बाहेरच्या भिंतीला टेकवूनही नको, ती थंड असते आणि मागे ओल धरते. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन जुलैत जिथे पोहोचत नाही तिथवर आत येतं. दुपारी एकदा बघून घ्या की ते फडताळावर पडत नाही ना. लाकडी जमिनीच्या घरात चालताना सुई उडत असेल तर टर्नटेबल आतल्या भिंतीवर, भिंतीतल्या लाकडी खांबांत स्क्रू मारून बसवलेल्या फळीवर ठेवा.

काय आणि कसं ऐकायचं

ताजं बर्फ आवाज शोषतं. रस्ता गप्प होतो, आणि नेहमीपेक्षा कमी आवाजातही सगळं ऐकू येतं. मात्र आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर कमी भासतात आणि डबल बास गायब झाल्यासारखा वाटतो. ॲम्पवर 'लाउडनेस'चं बटण असेल तर ते याचसाठी आहे, शुद्धतावाद्यांचं ऐकू नका. नाहीतर स्पीकर भिंतीच्या एक वीतभर जवळ सरकवा. जड पडदे ओढले की काचेवरून येणारी कर्कश झळाळी जाते.

१९५८ पूर्वीचं बहुतेक जॅझ मोनो आहे. मोनो खाच फक्त आडवी हलते. स्टीरिओ कार्ट्रिज उभी हालचालही वाचते, आणि मोनो रेकॉर्डमध्ये उभ्या हालचालीत संगीत नसतं, नुसती खरखर असते. फोनो प्रीॲम्पवर मोनोचं बटण असेल तर दाबा. पन्नास डॉलरच्या ब्रशने जेवढी तडतड जाते तेवढी कधी कधी या फुकटच्या बटणाने जाते.

रेकॉर्ड निवडताना बाजूची लांबी बघा. पियानोवादक कीथ जॅरेटच्या २४ जानेवारी १९७५ च्या कोलोन मैफलीच्या अल्बमची पहिली बाजू २६ मिनिटांची आहे, नेहमीच्या वीसपेक्षा बरीच लांब. तेवढं बसवायला खाचा दाट आणि आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते. वर एकटा पियानो. प्रत्येक टिचकी त्यात उघडी पडते. ही बाजू धुतलेली, पिस्तूल चालवलेली, आणि आर्द्रता ४० असलेल्या रात्रीसाठी राखून ठेवा.

आणि बाजू संपल्यावर आपोआप न थांबणाऱ्या टर्नटेबलवर रेकॉर्ड लावून गोधडीत झोप लागली तर सुई शेवटच्या खाचेत सकाळपर्यंत फिरत राहते. सहा तासांत बारा हजार फेऱ्या. सुईच्या हिशेबाने हे अठरा बाजू वाजवण्यासारखं आहे. आर्मच्या वाटेत बसवायचा छोटा लिफ्टर मिळतो, बाजू संपली की आर्म त्याला टेकतो आणि तो आर्म उचलतो. बसवताना तुमच्याकडच्या सर्वांत लांब बाजूच्या शेवटच्या खाचेशी जुळवा, नाहीतर तो शेवटच्या सोलोच्या मध्येच सुई उचलेल.